आमच्या अंगणातली पिकअप आणि आपला कायदा

माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस,

मी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला शेतकरी. कांदा, टोमॅटो, थोडी द्राक्षे आणि दारात एक पिकअप, असा आमचा संसार. गाडी २०१५ची, आम्ही ती २०१८ साली जुनी विकत घेतली. शेती मी आणि धाकटा भाऊ मिळून करतो, गाडीही दोघेच चालवतो. मी आयटीआयला मोटार मेकॅनिकचा ट्रेड केलेला असल्यामुळे गाडीचे बहुतेक काम घरीच होते. चिंचेखालची सपाट जागा, एक जॅक, बाभळीचे दोन ओंडके, पान्यांचा संच, मल्टीमीटर आणि पाठीखाली अंथरायला खताचे रिकामे पोते, एवढेच आमचे गॅरेज.

आजवर आम्ही गाडीत जे बदल केले त्यांतले बरेच उपयोगाचे होते. एक मात्र जीवघेणा होता. आज आपल्या तपासणीच्या व्यवस्थेत हे दोन्ही एकाच रांगेत उभे आहेत. ही रांग वेगळी करावी, एवढ्या एकाच मागणीसाठी हे खुले पत्र लिहीत आहे. खुले अशासाठी, की आमच्यासारखी अंगणे गावोगाव आहेत आणि त्यांतल्या लोकांनीही ते वाचावे.

पिकअप आमच्याकडे कशी वापरतात ते आधी सांगतो. कारखान्यातून गाडी येते तेव्हा तिला पीक माहीत नसते. चेसिस, केबिन, मागे पत्र्याचा उघडा हौदा आणि तीन बाजूंना फाळके, बस्स. तीच गाडी उन्हाळ्यात लासलगावला कांदा नेते. तो हौद्यात मोकळा ओतलेला असतो, लिलाव गाडीवरच होतो, आणि वळवाची एक सर आली तर वरचा थर भिजून भाव पडतो. पावसाळा सरताना तीच गाडी टोमॅटोची कॅरेट घेऊन पिंपळगाव बसवंतला जाते, भाव बरा असला तर रातोरात वाशीला. तिथे माल एकावर एक रचावा लागतो आणि आधार लागतो तो उंचीला. माघ-फाल्गुनात द्राक्षे असतात. त्यांना वजन कमी, पण धक्का अजिबात सोसत नाही. खडबडीत रस्त्यावर गाडी उसळली की घडाचे मणी गळतात. आणि मधल्या दिवसांत मक्याचा चारा, शेणखत, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, आजारी गाय, जे असेल ते.

इतकी कामे एका हौद्याने करायची तर त्याला हंगामागणिक वेगळे रूप द्यावे लागते. आमच्या आजोबांच्या बैलगाडीचेही तेच होते. शेणखत वाहायचे तर बांबूचे तट्टे लावायचे, कडबा भरायचा तर चारी कोपऱ्यांना उभ्या काठ्या रोवायच्या. पुढे लाकडी चाकांवरची लोखंडी धाव गेली आणि मोटारीच्या टायरांवर बैलगाड्या धावू लागल्या. गावच्या सुताराने आणि लोहाराने ते अंगणातच केले. वाहन आपल्या कामाच्या मापाचे करून घेणे ही आमची पिढ्यांची सवय आहे, आणि इंजिन आले म्हणून ती गेली नाही.

आता आमच्या गाडीतले बदल सांगतो. पहिला बदल हौद्याच्या तळाला. पत्र्याच्या तळावर कॅरेट घसरतात आणि धक्का सरळ मालाला लागतो. आम्ही भंगारातून कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा आणला, मापात कापला आणि अंथरला. द्राक्षांच्या पहिल्याच खेपेत मणीगळ कमी दिसली. दुसरा बदल ताडपत्रीचा सांगाडा. लोखंडी पाइप वाकवून चार कमानी केल्या आणि हौद्याच्या कडेला नटबोल्टने बसवल्या. वेल्डिंग मुद्दाम टाळले. चेसिसच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांवर वेल्डिंग केले की त्या जागचे पोलाद उष्णतेने बदलते, आणि वर्षभराने तडा जातो तो नेमका तिथूनच. आयटीआयला आमचे सर हे घोकून घेत, ते जन्मभर लक्षात राहिले.

सांगाडा आणि रबर बसवल्यावर आम्ही गाडी रिकामी काट्यावर नेली. वजन १०८ किलोंनी वाढले होते. टोमॅटोचे एक कॅरेट भरून साधारण साडेएकवीस किलो भरते, वीस किलो माल आणि बाकी प्लास्टिक. म्हणजे त्या दिवसापासून आमच्या गाडीत कायदेशीर माल पाच कॅरेटने कमी बसायला हवा होता. गाडीत घातलेली प्रत्येक वस्तू मालाच्या वजनातून वजा होते, हे घरी काम करणाऱ्या कितीजणांच्या ध्यानात येते? आणि ते त्यांना सांगणारे कोण आहे?

तिसरा बदल दिव्यांचा. जुन्या गाडीचे हेडलाइट पिवळट पडतात, आणि गावात त्यावर एकच उपाय सांगतात: जास्त वॅटचा बल्ब घाल. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. बारा व्होल्टला ६० वॅट म्हणजे ५ अँपिअर, दोन दिव्यांना मिळून १०. त्या जागी १०० वॅटचे घातले की त्याच बारीक वायरीतून आणि त्याच स्विचमधून सतराच्या आसपास अँपिअर जाऊ लागतात. होल्डर वितळतो, वायरीचे आवरण मऊ पडते आणि एखाद्या रात्री डॅशबोर्डमागून धूर येतो. आम्ही मल्टीमीटर लावून पाहिले तर बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाताना व्होल्टेज गळत होते. अर्थिंगच्या जागा गंजल्या होत्या. त्या घासून साफ केल्या, बॅटरीजवळ फ्यूज घातला, जाड वायर ओढली, दोन रिले बसवले, आणि बल्ब मूळ वॅटचेच ठेवले. उजेड नव्या गाडीसारखा परत आला. मग संध्याकाळी गाडी भिंतीसमोर वीसेक फुटांवर उभी केली, दिव्याच्या उंचीवर खडूने रेघ मारली आणि डिपरचा झोत त्या रेघेच्या खाली राहील असा बसवला, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपणार नाहीत. सारा खर्च एका चांगल्या बॅटरीपेक्षाही कमी आला.

याखेरीज रात्री माल भरायला हौद्यात एक लहान एलईडी पट्टी लावली, तिला वेगळा स्विच आणि वेगळा फ्यूज. मागे कॅमेरा आणि रिव्हर्सला वाजणारा बझर बसवला, कारण खळ्यात लेकरे खेळत असतात आणि भरलेल्या पिकअपच्या चालकाला मागचे काहीएक दिसत नाही. चोहोबाजूंनी परावर्तक पट्ट्या चिकटवल्या: पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल. माझ्या मते या बदलांनी आमची गाडी कारखान्यातून आली त्यापेक्षा सुरक्षित झाली.

आता त्या जीवघेण्या बदलाविषयी सांगतो, कारण तो लपवला तर या पत्राला काही अर्थ उरणार नाही.

२०२० साली आम्ही मागच्या चाकांवर स्प्रिंगचे दोन-दोन पाटे वाढवले. माल भरला की गाडी मागून बसते, मागच्या आसाचे हाऊसिंग वर आदळते, म्हणून सगळेच वाढवतात. तालुक्याच्या गावच्या एका गॅरेजात काम करून घेतले आणि यू-बोल्ट आवळायला मी स्वतः हात लावला. गाडी मागून ताठ झाली. भरलेली असली तरी बसेना, आणि बसत नाही म्हणून आम्ही आणखी भरू लागलो. कागदावर आमच्या गाडीची मालाची मर्यादा १२५० किलो, म्हणजे सांगाडा आणि रबर वजा जाता साधारण ५३ कॅरेट. २०२२च्या सप्टेंबरात एका रात्री आम्ही ११० कॅरेट भरून वाशीला निघालो. सुमारे २३६५ किलो माल, मर्यादेपेक्षा एक टनाहून जास्त. त्या दिवशी भाव होता. एका खेपेचे डिझेल वाचत होते. आमच्या डोक्यात तेवढेच होते.

कसारा घाट उतरताना ब्रेकचे पेडल मऊ लागायला लागले. आधी पुढच्या चाकांकडून जळका वास आला, मग पाय दाबावा तसे पेडल खाली जाऊ लागले आणि गाडी मात्र तशीच ओढत राहिली. मी गिअर खाली आणला, इंजिनच्या जोरावर वेग जरा तोडला आणि एका वळणाआधी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. कॅरेट पुढे आली, केबिनची मागची काच फुटली, भावाचे मनगट मोडले. दुसऱ्या बाजूला दरी होती. समोर कोणी नव्हते, हे आमचे नशीब आणि त्या न भेटलेल्या माणसाचेही.

गाडी घरी आणल्यावर मी पोते टाकून तिच्याखाली शिरलो आणि कारण शोधले. ते इथे सविस्तर लिहितो, कारण पाटे वाढवणाऱ्या दहांपैकी नऊ जणांना ते ठाऊक नसते. मलाही नव्हते.

बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकच्या नळीवर एक व्हॉल्व्ह असतो. चेसिसवर बसवलेल्या या व्हॉल्व्हपासून एक बारीक दांडी मागच्या हाऊसिंगला जोडलेली असते. माल भरला की चेसिस खाली दबते, दांडी हलते, आणि गाडी भरलेली आहे असे ओळखून व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की तो दाब कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाके जागीच अडकून गाडी फिरेल. पाटे वाढवल्यावर चेसिस दबतच नाही. एक टन जादा माल पाठीवर असताना व्हॉल्व्हच्या लेखी गाडी रिकामी असते. मग मागचे ब्रेक अर्धवट लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो, ते तापतात आणि घाटाच्या मध्यावर हात टेकतात.

ज्या पाट्याने गाडी सरळ उभी दिसत होती, त्यानेच तिचे ब्रेक काढून घेतले होते. बाकीचे तर सगळे जागच्या जागीच होते. टायरच्या बाजूवर भाराचा एक आकडा कोरलेला असतो. १०० असेल तर त्या टायरने ८०० किलो पेलावेत, १०९ असेल तर १०३०. पाटे वाढवून या आकड्यात एका किलोची भर पडत नाही. हाऊसिंग तेच, बेअरिंग तेच, ब्रेकचे ड्रम तेच, चेसिस तेच. वाढते फक्त माणसाची हिंमत.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार नोंदणीतल्या तपशिलाशी आणि उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा वेगळा दंड ठेवला. कसाऱ्याच्या त्या रात्रीनंतर या दंडांबद्दल माझी तक्रार नाही. ते असायलाच हवेत.

तक्रार आहे ती वेगळी. माल वाहणाऱ्या गाडीचे पासिंग, म्हणजे योग्यता तपासणी, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. २०२१ला आमची गाडी पासिंगला न्यायची होती तेव्हा आदल्या दिवशी आम्ही काय केले, ते प्रामाणिकपणे सांगतो. ताडपत्रीचा सांगाडा काढला. रबर काढले. कॅमेरा आणि बझर काढला. हौद्यातली दिव्याची पट्टी उपसली. या वस्तूंवर आक्षेप येईल की नाही हे धड कोणाला सांगता येत नव्हते, आणि कशाला फाटे फोडा म्हणून गावात सगळे हेच करतात. पाटे मात्र तसेच राहिले. ते काढायला अर्धा दिवस जातो, आणि खाली वाकून पाटे मोजायची पद्धत नाही. गाडी पास झाली. ज्यांनी ती सुरक्षित झाली होती त्या वस्तू घरी ठेवून आम्ही प्रमाणपत्र मिळवले, आणि जो बदल वर्षभराने आमच्या जिवावर उठणार होता तो हौद्याखाली घेऊन परत आलो.

मंत्रिमहोदय, हे एका कार्यालयाचे किंवा एका निरीक्षकाचे अपयश आहे असे मी म्हणत नाही. एका माणसापुढे दिवसाला कितीतरी गाड्या उभ्या असतात. व्यवस्थेतच "बदल दाखवा" असा रकाना नाही, त्यामुळे मालकाला एकच शहाणपण उरते, बदल लपवण्याचे. कसाऱ्याच्या घटनेनंतर मी सांगाड्याची रीतसर नोंद करून घ्यायला गेलो, तेव्हा उत्पादक कंपनीचे पत्र आणायला सांगितले गेले. माझ्या अंगणात वाकवलेल्या चार पाइपांना कंपनी पत्र कशी देणार?

कायद्याला ही वाट अगदीच नवी आहे असेही नाही. सीएनजी किटचे उदाहरण घ्या. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त केंद्र, आणि आरसीवर नोंद. इंधन बदलणे हा चार पाइप वाकवण्यापेक्षा कितीतरी गंभीर बदल आहे, तरी त्याला रस्ता आहे. अपंग व्यक्तीसाठी गाडीत केलेल्या बदलाला नंतर मंजुरी घेण्याची सोय कायद्यातच आहे. दहा किंवा अधिक वाहने असलेल्या मालकाला त्याच बनावटीचे, त्याच प्रकारचे इंजिन पूर्वमंजुरीवाचून बदलू देण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते. आणि २०१९च्या दुरुस्तीने कलम ५२मध्येच असे जोडले आहे की, बदलांसाठी आणि नंतर बसवायच्या साधनांसाठी मानके व मंजुरीच्या अटी केंद्र सरकार ठरवू शकते, आणि तसा बदल केला म्हणून उत्पादकाची वॉरंटी रद्द समजली जाणार नाही. म्हणजे दार भिंतीत बसवलेले आहे. एकच गाडी असलेल्या माणसासाठी ते उघडायचे राहिले आहे.

काय चालू देऊ नये याबद्दल मी आपल्यापेक्षाही कडक आहे. पाटे वाढवणे बंद झाले पाहिजे, आणि पासिंगला ते मोजलेच पाहिजेत. मजूर न्यायला हौद्यात बाकडी ठोकणे बंद झाले पाहिजे. निंदणी-खुडणीला जाणाऱ्या बाया पहाटे उघड्या हौद्यात उभ्या असतात, फाळक्याची एक साखळी सुटली तर काय होईल ते सांगायला नको. वऱ्हाड आणि दिंड्यांच्या गाड्यांचेही तेच. पुढे लोखंडी गार्ड लावण्यावर केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले आहे. पादचाऱ्याला धडक बसली तर ते लोखंड धक्का जिरवत नाही, माणसाला चिरडते. कर्णकर्कश आणि अनेक सुरांचे हॉर्न, समोरच्याला आंधळे करणारे एलईडीचे बार, कमी धुरासाठी बसवलेली यंत्रणा कापून टाकणे, चेसिस कापून लांबवणे, या कशालाही माझ्या विनंतीत जागा नाही. जो बदल गाडीला तिच्या पोलादापेक्षा जास्त ओझे उचलायला लावतो, किंवा रस्त्यावरच्या दुसऱ्याचा धोका वाढवतो, तो नकोच.

उरलेल्यांसाठी माझे म्हणणे असे.

पहिले, बदलांच्या तीन याद्या करून मराठीत जाहीर कराव्यात. एक, ज्यांना परवानगीची गरजच नाही अशा बदलांची: परावर्तक पट्ट्या, रिव्हर्सचा कॅमेरा आणि बझर, मूळ वॅटच्या दिव्यांना रिले आणि फ्यूज, हौद्यातला रबरी तळ. दुसरी, नोंद आणि तपासणी करून चालतील अशांची: ताडपत्रीचा सांगाडा, फाळक्यावरच्या जाळ्या, माल बांधायचे हूक, मागून धडकणारी लहान गाडी खाली घुसू नये म्हणून लावायचा आडवा दांडा. तिसरी, कधीच न चालणाऱ्या बदलांची, प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहून. पाट्यांपुढे ब्रेकच्या व्हॉल्व्हची गोष्ट लिहा. "मनाई आहे" हे वाचून माणूस पोलिसाला घाबरतो आणि रात्री गाडी भरतो. पाट्यांमुळे ब्रेक जातात हे कळले तर तो स्वतःच्या लेकराकडे पाहून पाना खाली ठेवील.

दुसरे, दुसऱ्या यादीतल्या वस्तूंचे नकाशे सरकारने काढून घ्यावेत. वाहनांची चाचणी घेणाऱ्या देशातल्या मोजक्या मोठ्या संस्थांपैकी तीन आपल्या राज्यात आहेत: पुण्याला १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय, पुण्याचीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. कांद्याच्या, टोमॅटोच्या, द्राक्षांच्या गाडीसाठी चार-पाच नमुन्यांचे सांगाडे त्यांच्याकडून तपासून घ्यावेत. पाइपचा व्यास, बोल्टचे माप, वजनाची आणि उंचीची मर्यादा, सगळे कागदावर असावे. गावचा वेल्डर तो कागद पाहून सांगाडा करील. आज तो डोळ्यांच्या मापाने करतो, कारण त्याला दुसरे माप कोणी दिलेच नाही.

तिसरे, तपासणी तालुक्यात व्हावी. तालुक्यातालुक्यात आयटीआय आहेत, तिथे मोटार मेकॅनिकचे आणि वेल्डरचे ट्रेड आहेत, शिकवणारे निदेशक आहेत, आणि खऱ्या गाडीवर हात बसवायला आसुसलेली मुले आहेत. त्यांच्यापुढे गाडी उभी करावी, काट्यावर रिकामे वजन घ्यावे, बोल्ट आणि वेल्डिंग तपासावे, पाटे मोजावेत आणि तो अहवाल पासिंगच्या फाइलला जोडावा. नवे रिकामे वजन आरसीवर चढले की मालाची मर्यादा तितकीच खाली यावी. आमची ५८ कॅरेटची गाडी ५३ची झाली, तर कागदावरही ती ५३चीच दिसावी.

चौथे, एक मुदत द्यावी. वर्षभराच्या काळात जो मालक आपणहून येऊन आजवरचे बदल दाखवील त्याला दंड नसावा. चुकीचा बदल काढून टाकायला महिनाभर द्यावा, योग्य असेल तर नोंद करून घ्यावी. मुदत संपल्यावर मात्र कायद्याने आपले काम करावे. लोक येतील, असा माझा विश्वास आहे. जिच्यावर घर चालते ती गाडी चोरासारखी चालवायची कोणाला हौस नसते.

यातले मानके ठरवण्याचे काम केंद्राचे आहे, हे मला ठाऊक आहे. पण याद्या, नकाशे, आयटीआय आणि पासिंगचा रकाना यांचा प्रस्ताव राज्य मांडू शकते आणि केंद्राकडे त्याचा आग्रह धरू शकते. ज्या राज्याने देशाच्या वाहन उद्योगाचा एवढा मोठा भाग उभा केला, त्याने हा प्रस्ताव पहिल्यांदा मांडावा, यात गैर काय?

हे वाचणाऱ्या पिकअपवाल्या भावांनाही, मंत्र्यांच्या उत्तराची वाट न पाहता, एक विनंती करतो. उद्या सकाळी गाडीखाली एकदा जा. पाटे मोजा, आणि ब्रेकच्या व्हॉल्व्हपासून हाऊसिंगकडे जाणारी ती बारीक दांडी शोधा. ती वाकलेली, सुटलेली किंवा तारेने बांधून ठेवलेली असेल तर गाडी भरू नका. टायरवरचा आकडा वाचा. मग आरसीवरचे वजन वाचा आणि कॅरेटचा हिशोब स्वतः करा. आमच्या गाडीचा हिशोब आम्ही केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवला आहे: ५३. भाव कितीही असो, त्यापुढे कॅरेट चढत नाही. खेपा वाढल्या, डिझेल वाढले, हे खरे आहे. वाशीला माल नेताना आता आम्ही शेजाऱ्याशी भागी करतो आणि मोठी गाडी ठरवतो.

कसाऱ्याहून परतल्यावर आठवड्याभराने आम्ही जादा पाटे काढले. भावाचा हात प्लास्टरमध्ये होता, तो नुसता टॉर्च धरून बसला होता. व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाला परत बसवून घेतली, पुढचे ब्रेक नवे घातले. काढलेले चार पाटे बरेच दिवस चिंचेच्या बुंध्याशी पडून होते. भंगारात द्यायचे मन होईना, कारण ते कोणीतरी दुसऱ्या गाडीला लावले असते. शेवटी आईने ते गावच्या लोहाराकडे नेले. पाट्याचे पोलाद चिवट असते, धार धरते, हे त्याला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्याने त्यांचे विळे करून दिले. यंदाचा कांदा आमच्या घरच्या बायांनी त्याच विळ्यांनी कापला, आणि तो आम्ही ताडपत्रीखाली, मापात भरून लासलगावला नेला.

पुढच्या पासिंगला हा सांगाडा काढून न ठेवता, जसाच्या तसा आपल्या निरीक्षकापुढे उभा करायची माझी इच्छा आहे. त्याने खाली वाकून पाटे मोजावेत, वर पाहून बोल्ट तपासावेत आणि काय पाहिले ते लिहून द्यावे. तेवढी सोय आपण करून द्यावी.

कळावे.

आपला नम्र,
चांदवड तालुक्यातला एक शेतकरी आणि पिकअपचालक